मंगळवारची पिवळी गोळी

अहो आई,

आज मंगळवार. सकाळी जाग आल्यावर आधी वार आठवला, आणि मग आठवलं की आज कुणाला गोळी द्यायची नाहीये. तरीही चहा टाकता टाकता मी एकदा औषधांच्या कपाटाकडे गेलेच. काल तुमचा चौदावा झाला. पाहुणे गेले, भाड्याच्या सतरंज्या गेल्या, निखिल ऑफिसला आणि ईरा शाळेत गेली. घरात मी एकटी आहे आणि मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ट्रंक कॉल समज. तीन मिनिटांत बोलायचं ते बोल." मला तीन मिनिटं पुरायची नाहीत. आज ऐकून घ्या.

सून म्हणून मी या धायरीच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा आपली ओळख फार नव्हती. पहिलं वर्षभर आपण दोघी एकमेकींशी बँकेतल्या माणसांसारखं बोलायचो. तुम्ही मला "आपल्याला चहा चालेल ना?" असं विचारायचात आणि मी अमरावतीची मुलगी, मला वाटायचं हे कुणाला विचारून राहिल्या. माझ्या तोंडून तसं निघालंही एकदा, तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू दे, राहू दे. राहायलाच आली आहेस." मी दोन दिवस रुसले होते. तो तुमचा विनोद होता हे निखिलने समजावून सांगितल्यावर कळलं.

आपली खरी ओळख झाली ती आमवाताने. सकाळी उठलात की तुमची बोटं मिटलेली असायची, ती उघडायला तास लागायचा. ब्लाऊजची हुकं लावता येईनात, तेव्हा तुम्ही मला हाक मारली. हाक मारायच्या आधी किती दिवस एकट्या झगडत होतात कोण जाणे. मी हुकं लावत होते आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "हे घरात सांगायचं नाही." आपलं पहिलं गुपित ते. दुसरं सांगायलाच आज बसले आहे.

डॉक्टर तरुण होती. तिने नीट समजावून सांगितलं होतं. शरीराची रोगांशी लढणारी जी फौज असते, ती तुमच्या बाबतीत स्वतःच्याच सांध्यांवर चालून जातेय. तिला आवर घालायला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी. हीच मोठ्या प्रमाणात कॅन्सरवर देतात, इथे अगदी थोडी द्यायची. तुम्ही सगळं ऐकून म्हणालात, "म्हणजे घरच्याच माणसांना आवरायचं औषध. उशिराच निघालं म्हणायचं." लिव्हर सांभाळायला हवं म्हणून तिने विचारलं, दारू घेता का. "अजून तरी नाही, पण हे दुखणं असंच राहिलं तर विचार करेन." डॉक्टर हसली आणि मग एकदम गंभीर झाली. ही गोळी आठवड्यातून एकदाच, म्हणाली, रोज घेतली तर जिवावर बेतते, मला हे तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही ताठ बसलात. "आठवड्यातून एकदा, दोन गोळ्या, रात्रीच्या जेवणानंतर. बाकीचे सहा दिवस फोलिक ॲसिडची एक. दर महिन्याला रक्त तपासायचं. ताप आला तर गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा. अहो, मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते."

तुमची स्मरणशक्ती हाच तुमचा दागिना होता. पाटल्या मोडल्या तेव्हा तुम्हाला काही वाटलं नव्हतं, पण कुणी नंबर बघायला मोबाइल उघडला की तुमच्या कपाळावर आठी यायची. नातेवाइकांचे, दूधवाल्याचे, प्लंबरचे, सगळे नंबर तुमच्याकडे. सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये तुम्हाला नंबर विचारायचे आणि तुम्ही दोन मजल्यांत सांगून मोकळ्या व्हायचात.

वार तुम्हीच ठरवलात. सोमवार आणि गुरुवार उपासाचे, शनिवार-रविवार तुमची लेक, मंजिरीताई, विश्रांतवाडीहून येणार, शुक्रवारी मैत्रिणीकडे, जमिलामावशींकडे जायचं. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळणार हे गृहीत धरून तुम्ही म्हणालात, "बुधवारी आपल्याकडे कुणी फिरकत नाही. मळमळायला बुधवार उत्तम." झाला मंगळवार. मग घरात मंगळवारी मऊ भात, आणि बुधवारी तुमच्याशी कोणी बोलायचं नाही हा नियम. तुम्ही आलेपाकाची वडी गालात धरून खिडकीपाशी बसायचात आणि कुणी काही विचारलंच तर हाताने 'लाइन बिझी' अशी खूण करायचात. मला ते बुधवार फार आवडायचे, आई. घर शांत असायचं, आणि दुपारी चार वाजता तुम्ही स्वतःहून म्हणायचात, "चला, टाक चहा, लाइन चालू झाली."

केस गळले. अंबाडा सुपारीएवढा राहिला. तुम्ही एक दिवस गजरा आणलात आणि आरशासमोर उभं राहून बघितलंत, मग माझ्याकडे येऊन माझ्या वेणीत माळलात. "आमच्या इथे आता जागा नाही," म्हणालात.

पण त्या औषधाचे उपकारही विसरायचे नाहीत. तीन महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, मी स्वयंपाकघरात आले तर तुम्ही चकलीचा सोऱ्या घेऊन बसला होतात. एकट्या. दांडा फिरवत होतात, हळू, पण फिरवत होतात, आणि ताटात काटेरी चकली उतरत होती. चांगल्या बत्तीस चकल्या केल्यात. मग हात पुसून म्हणालात, "तुझ्या चकल्या मऊ पडतात, म्हणून केल्या." मला राग आला नाही. मी त्या बोटांकडेच बघत बसले होते.

बोटं वळायला लागली तरी एक गोष्ट तुम्हाला जमत नव्हती, ती म्हणजे पाकिटाचा चंदेरी कागद फोडून गोळी बाहेर काढणं. त्याला अंगठ्यात जोर लागतो. म्हणून मी पाकिटं आणली की सगळ्या गोळ्या एकदम सोडवून ठेवायची. त्यासाठी तुम्ही तुळशीबागेतून स्टीलच्या दोन डब्या आणल्या होत्यात, कुंकवाच्या असतात तशा, दोन्ही सारख्या. एकीत मंगळवारची, दुसरीत रोजची. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही एवढ्या एवढ्याशा. घोटाळा होऊ नये म्हणून मंगळवारच्या डबीच्या झाकणावर तुम्ही तुमची मोठी काळी टिकली लावलीत. "ही सवाष्ण," म्हणालात, "हिला आठवड्यातून एकदाच बोलवायचं." डॉक्टरांना हे आपण कधी सांगितलं नाही. आपल्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

मला दिवस गेले तेव्हा डॉक्टर म्हणाली, गरोदर बाईने या गोळीला हातही लावू नये. डब्या फ्रिजवर असायच्या, म्हणून त्या दिवसापासून मला फ्रिजच्या बाजूला यायलाही बंदी. तुम्ही कात्रीने कागद कापायचात, बोटाला लागायचं, पण मला हात लावू द्यायचा नाहीत. एकदा एक गोळी उडून खाली पडली. मी दारात उभी होते. "तिथेच थांब. एक पाऊल पुढे टाकायचं नाही." आणि तुम्ही, गुडघे दुखणाऱ्या तुम्ही, जमिनीवर हातपाय टेकून बॅटरीच्या उजेडात ती गोळी शोधत बसलात. सिलिंडरच्या मागे सापडली. उठताना मला हातही देऊ दिला नाहीत. माझ्या स्वतःच्या आईने माझ्यासाठी पुष्कळ केलं आहे, पण जमिनीवर रांगणाऱ्या तुम्हाला बघून मला पहिल्यांदा वाटलं, की मी या घरात आहे.

ईरा झाली. सात महिन्यांची असताना गौरी आल्या. माझी रजा संपली होती, पोरगी रात्रभर जागवायची, निखिलचं काम चालू. गौरींच्या आधी घरातलं भांडं न् भांडं घासायचं ही तुमच्या घरची रीत. मी सगळं काढलं. त्या दोन डब्याही काढल्या. गोळ्या दोन वाट्यांत ओतल्या, डब्या घासल्या, पुसल्या. आदल्याच आठवड्यात नवी पाकिटं सोडवून ठेवली होती, त्यामुळे दोन्ही वाट्यांत सारख्याच दिसतील एवढ्या गोळ्या. घासताना टिकली निघून गेली होती. तेवढ्यात ईरा रडायला लागली, मी तिला घेऊन आले, एका हातात ती आणि एका हाताने डब्या भरल्या. कुठली वाटी डावीकडे होती आणि कुठली उजवीकडे, हे मला पक्कं आठवत होतं. निदान तेव्हा तसंच वाटलं. मग माझ्या कपाळावरची मरून टिकली काढून मी एका झाकणावर चिकटवली.

चुकीच्या झाकणावर.

गौरी जेवल्या, गौरी गेल्या. तुमचं तोंड आलं. सणाचं तिखट-आंबट बाधलं असं सगळ्यांचं म्हणणं. मी ज्येष्ठमध दिला, साजूक तूप दिलं, गुलकंद दिला. वाढतच गेलं. मग मला आठवलं, की तोंड आलं तर फोलिकने बरं वाटतं असं डॉक्टर म्हणाली होती. मी मोठ्या हुशारीने तुम्हाला म्हटलं, "आई, रोजची गोळी दोनदा घ्या." तुम्ही म्हणालात, "डॉक्टरला विचारलंस?" मी म्हटलं, "व्हिटॅमिन तर आहे." दोन दिवस मी माझ्या हाताने, पाण्याच्या पेल्यासकट, तुम्हाला ती दोनदा दिली. हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही ते आठवत असणार, पण तुम्ही कधी उच्चार केला नाहीत.

दहाव्या दिवशी तुम्हाला पाणी गिळता येईना, ताप चढला, पायांवर लाल ठिपके आले. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी नावाला उरलेल्या. तुम्हाला वेगळ्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाली, घरी घेता त्या सगळ्या गोळ्या घेऊन या. निखिलने दोन डब्या आणल्या. तिने उघडल्या, गोळी तळहातावर घेऊन उजेडात उलटीपालटी केली आणि तिचा चेहरा बदलला. "या डबीतली रोज घेत होता?" तुम्ही मान हलवली. "ही आठवड्याची आहे. गोळ्या डब्यांत कोण भरतं?"

भर दुपार होती. एका बाजूला मंजिरीताई, एका बाजूला निखिल, पायाशी मी. तुम्ही आधी त्या झाकणाकडे बघितलंत. तुमची काळी टिकली नव्हती त्यावर. बारीक मरून टिकली होती, आणि तशीच दुसरी माझ्या कपाळावर होती. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मास्कच्या वर माझे नुसते डोळे आणि कपाळ दिसत असेल. तोंड सुजलेलं, शब्द काढणं जिवावर येत होतं, तरी तुम्ही तुमचं वाकडं बोट छातीला लावून म्हणालात, "मी. विसरले."

आपल्या घरात कुणी तो शब्द तुमच्या तोंडून ऐकला नव्हता. ताईंना इतका धक्का बसला, की त्यांनी पुढे काही विचारलंच नाही.

उताऱ्याची इंजेक्शनं दिली, अकरा दिवस तुम्ही आत होतात, आणि वाचलात. घरी आलात तेव्हा घर बदललेलं होतं. निखिलने औषधांना कुलुपाचं कपाट केलं होतं आणि चावी स्वतःकडे ठेवली होती. गोळ्या आता पाकिटातच राहणार होत्या, ते बरोबरच होतं. पण बाकीचं? ताईंनी ठरवलं की तुम्ही एकटीने बसने जायचं नाही. गॅस एकटीने पेटवायचा नाही. जमिलामावशींकडचा शुक्रवार बंद, त्याच येतील हवं तर. एक्स्चेंजच्या दिवसांपासूनची ती मैत्री तुमची, दोघी शेजारी शेजारी हेडफोन लावून बसायचात, आणि तुम्हाला त्यांच्या बुधवार पेठेतल्या घरी जायचंच झालं तर आता निखिलने वेळ काढून सोडायचं. नातेवाइकांत बातमी गेली की हिचं हल्ली विसरायला होतं. लोक तुमच्याशी मोठ्याने आणि एकेक शब्द तोडून बोलायला लागले. तुमच्या दिरांना तुम्ही म्हणालात, "भाऊजी, मला ऐकू येतं. मी फक्त विसरते." ते ओशाळले. मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासत बसले.

आणि रोज संध्याकाळी मंजिरीताईंचा फोन. "आई, आज वार कोणता?" कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की असं रोज विचारलं की मेंदू ताजा राहतो. त्या प्रेमानेच विचारायच्या, हे मला माहीत आहे. तुम्ही रोज वार सांगायचात. कधी वैतागला नाहीत. एकदाच, फोन ठेवल्यावर तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "वारसुद्धा सातच आहेत म्हणून बरं."

भांडण झालं आपलं यावर. एकदाच, बुधवारी, लाइन बिझी असताना. मी खिडकीपाशी येऊन म्हटलं, मी ताईंना सांगते. तुम्ही आधी गालातली वडी संपवलीत.

"काय सांगशील?"

"खरं ते."

"म्हणजे मी खोटी पडेन."

"आई, थट्टा नका करू. मला झोप नाही येऊन राहिली."

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "हे बघ प्रणिता. मंजिरी माझी मुलगी आहे, मी तिला ओळखते. माझं विसरणं ती मनाला लावून घेणार नाही, वय झालं म्हणेल. तुझी चूक मात्र ती प्रत्येक सणाला काढेल. मनाने वाईट नाहीये ती, पण काढेल. आणि निखिल तोंडाने काही बोलणार नाही, पण तू ईराला औषध पाजायला लागलीस की तो तुझ्या हाताकडे बघेल. रोज. ते मला चालायचं नाही."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? मी रिटायर्ड आहे."

मी वाद घातला, पण अर्ध्या मनाने. मी हरले, कारण मला हरायचं होतं. तुम्ही 'नको' म्हणालात तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी मला स्वतःची शरम वाटली. पुढची सहा वर्षं या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहिल्या. अधूनमधून मी विषय काढायची आणि तुम्ही हाताने तीच खूण करायचात, वार कुठलाही असो.

एक वाईट गोष्ट सांगते. गेल्या वर्षी तुम्ही खरंच विसरलात. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, आणि तुम्ही हॉलमध्ये पेपर वाचत होतात. मी धावत आले. तुम्ही पातेल्याकडे बघत म्हणालात, "बघ, शेवटी खरं करून दाखवलं." आपण दोघी हसलो. आणि हसता हसता माझ्या मनात आलं, की बरं झालं, आता ते खोटं एवढं मोठं खोटं राहिलं नाही. एका पातेल्याच्या आधाराने मी स्वतःला सोडवत होते.

पण सगळं काही असं नव्हतं, आई. चांगलेही दिवस किती होते. हॉस्पिटलमधून आल्यावर तीन महिन्यांनी डॉक्टरने तीच गोळी, कमी करून, परत सुरू केली, आणि मंगळवार परत आले. ईरा पाच वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या, लस आमच्याकडून राहून गेली होती. गोळीमुळे तुमची प्रतिकारशक्ती कमी, तुम्ही तिच्या जवळ जायचंच नाही. ताई न्यायला आल्या, तुम्ही गेला नाहीत. बंद दाराच्या बाहेर, लांब, खुर्ची टाकून बसलात आणि आतल्या नातीला फोन लावलात. "हॅलो, पुणे एक्स्चेंज. बोला, कोण हवंय?" ईरा कधी राक्षस मागायची, कधी चांदोमामा, आणि तुम्ही आवाज बदलून जोडून द्यायचात. खाज विसरून पोरगी खिदळायची. मी पलंगावर तिच्याशेजारी बसून दाराच्या दोन्हीकडचे आवाज ऐकायची.

शेवटचा ताप साधा वाटला होता. सवयीने आपण त्या मंगळवारची गोळी थांबवली, डॉक्टरला फोन केला. पण छातीत उतरला. ज्या गोळीने हात परत दिले, तिनेच अंगातली लढायची ताकद थोडी थोडी काढून घेतली होती, असं डॉक्टर म्हणाली. त्यात वयाचाही भाग. मी तिला विचारलं, सहा वर्षांपूर्वीच्या त्या घोटाळ्याचा यात काही संबंध? ती नाही म्हणाली, स्पष्ट नाही म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवला आहे. बहुतेक दिवस ठेवते.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी नर्सने तुम्हाला विचारलं, "आजी, आज वार कोणता?" शुद्ध तपासायला विचारतात, तेवढंच. मास्कमधून तुमचा आवाज आला, "मंगळवार. गोळी बंद आहे." आणि तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिटलेत. दुपारी तुम्ही गेलात. मला वाटत होतं, अजून एखादा दिवस मिळेल, खोलीत कुणी नसेल, मी तुमची माफी मागेन. सहा वर्षांत मी तुम्हाला 'मी सांगते' असं कितीदा म्हटलं, पण 'माझं चुकलं' असं एकदाही म्हटलं नव्हतं.

आता कालचं सांगते.

जेवणं होत आली होती. शेवटच्या पंगतीला घरचेच उरले होते, आणि जमिलामावशी. ताई तुमच्याबद्दल बोलत होत्या, डोळे भरून, चांगलंच बोलत होत्या. मग म्हणाल्या, "एवढी हुशार बाई, पण शेवटी डोक्याने साथ सोडली. त्या गोळ्यांचा घोळ घातला ना, तिथूनच सुरुवात झाली."

जमिलामावशींनी घास खाली ठेवला. "मंजिरी, तुझी आई मी चाळीस वर्षं बघितली आहे. ती विसरणाऱ्यातली नव्हती. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही."

"मावशी, तिने स्वतः कबूल केलं होतं."

मी जिलबीचं ताट घेऊन उभी होते. माझी खात्री आहे, तुम्ही असतात तर तीच खूण केली असतीत. पण तुम्ही नव्हतात, आणि तुम्हाला आता स्वतःची बाजू मांडता येणार नव्हती.

"त्या विसरल्या नव्हत्या," मी म्हटलं. "डब्या मी भरल्या होत्या. टिकली मी चुकीच्या डबीला लावली. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

सगळं सांगितलं. गौरींच्या आधी घासलेल्या डब्या, दोन वाट्या, दोनदा दिलेली गोळी, सगळं. जमिलामावशी पदराने डोळे पुसत होत्या. निखिल माझ्या हातांकडे बघत होता. तुम्ही म्हणाला होतात तसंच. वाईट वाटलं, फार वाटलं, पण मी हात मागे घेतले नाहीत.

ताईंनी पत्रावळ पुढे सारली. मग म्हणाल्या, "सहा वर्षं मी तिला रोज वार विचारला."

"हो ताई."

"आणि ती सांगत राहिली."

त्या उठल्या, हात धुतले, फोन घेऊन गॅलरीत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. नाही. त्यांनी सांगलीच्या काकांना फोन लावला. "काका, मंजिरी बोलतेय. एक सांगायचं होतं. आईचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. गोळ्यांचा घोळ तिने नाही, प्रणिताने केला होता. हो. प्रणितानेच. नाही, बाकी काही नाही, एवढंच सांगायला केला." मग मामांना. मग निखिलच्या चुलतबहिणीला. त्याच शब्दांत, तसंच कोरडं. मी आत पत्रावळी गोळा करत होते आणि माझं नाव गॅलरीतून गावोगाव चाललं होतं. लाज वाटत होती. पण दर फोनला तुमचं नावही चाललं होतं, शाबूत, आणि मला ते थांबवावंसं वाटेना.

मग ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या आईचा नंबर दे."

आई, तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा अमरावतीहून माझ्या आईने विचारलं होतं, कसं झालं गं हे? आणि मी तिला म्हटलं होतं, सासूबाई विसरल्या. तुमचं खोटं तुम्ही एकदा बोललात. ते दुसऱ्यांदा मी बोलले होते, माझ्या स्वतःच्या आईशी.

मी हात पुसले, नंबर सांगितला, आणि फोन लागेपर्यंत ताईंच्या शेजारी उभी राहिले.